‘.३८०’चा घोळ: जुन्या पोलिसी रिव्हॉल्व्हरवरचे शिक्के कुठून आले

अमेरिकेच्या रुगर कंपनीची पोलीस सर्व्हिस-सिक्स जातीची बहुतेक रिव्हॉल्व्हरं .३५७ मॅग्नम किंवा .३८ स्पेशल या काडतुसांची (आकडा म्हणजे गोळीचा नाममात्र व्यास, इंचांत). त्यांतलं एखादं ‘.३८० रिम’ असा शिक्का घेऊन समोर आलं की अमेरिकी संग्राहक चक्रावतो. .३८० म्हटल्यावर त्याला आठवतं ते लहान पिस्तुलाचं .३८० ऑटो, १९०८ सालचं. त्या काडतुसाला बाहेर आलेली कड, म्हणजे रिम, नसते. आणि रिव्हॉल्व्हरच्या चक्रीत काडतूस अडून राहतं ते सहसा कडेवरच. मग हे ‘.३८० रिम’ कुठलं? संग्राहक या रिव्हॉल्व्हरांचा संबंध भारतीय पोलिसांच्या ऑर्डरशी जोडतात. आपला कायदा उघडून पाहिला तर हा तर्क पटतो.

२०१६ पर्यंत लागू असलेल्या १९६२ च्या शस्त्र नियमांत सर्वसामान्यांना निषिद्ध असलेल्या शस्त्रांची यादी होती. .३८० किंवा .४५५ ची कडेची काडतुसं ज्यांत बसू शकतात आणि उडू शकतात अशी कोणत्याही बोअरची, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाची, पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हरं तिच्यात येत. इथल्या खाजगी परवान्यावर .३२ चं रिव्हॉल्व्हर का दिसतं, त्याचं मूळ या ओळीत आहे. मला या ओळीची शब्दरचना महत्त्वाची वाटते. नळीवर काय लिहिलंय याची ती चौकशी करत नाही, चक्रीच्या घरात, म्हणजे काडतुसाच्या पोकळीत, काय बसतं ते विचारते. जुन्या शस्त्रांचा इतिहास पाहिला की हा शहाणपणा किती मोलाचा होता ते कळतं.

कारण .३८० हा आकडा एका काडतुसाचा कधीच नव्हता. ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकातच काळ्या दारूचं एक .३८० होतं, खिशातल्या लहान रिव्हॉल्व्हरांसाठी. ते वेगळं. पिस्तुलाचं .३८० ऑटो वेगळं. आणि नियमांतलं .३८० हे ब्रिटिश लष्करानं मुळात अमेरिकी असलेल्या एका काडतुसाला दिलेलं अधिकृत नाव. स्मिथ अँड वेसननं १८७० च्या दशकात काढलेलं .३८ एस अँड डब्ल्यू ते हेच.

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिशांना .४५५ चं धूड जड वाटू लागलं. त्यांनी हे अमेरिकी काडतूस घेतलं आणि त्यात २०० ग्रेनची, म्हणजे सुमारे १३ ग्रॅमची, शिशाची गोळी बसवली. म्हणून .३८/२०० हे नाव. १९३२ पासून एनफील्डचं रिव्हॉल्व्हर याच काडतुसावर चाललं. पुढे शंका निघाली की शिशाची उघडी गोळी शरीरात पसरणाऱ्या गोळ्यांवर बंदी घालणाऱ्या हेगच्या १८९९ च्या घोषणेत बसते का. १९३० च्या दशकाच्या अखेरीस तिच्या जागी धातूचं कवच चढवलेली १७८ ग्रेनची गोळी आली. काडतुसाचं नाव .३८० मार्क २ झालं. त्यामागचं ‘झेड’ हे अक्षर नायट्रोसेल्युलोज, म्हणजे बिनधुराच्या, दारूची खूण. आपल्याकडे खडकीच्या कारखान्यातल्या काडतुसांच्या बुडावर ‘केएफ’ (किरकी फॅक्टरी) अशी अक्षरं असतात, ती याच ब्रिटिश पद्धतीतून आलेली.

वेब्लीच्या मार्क ४ रिव्हॉल्व्हरवर ‘.३८ १४५/२००’ असं कोरलेलं दिसतं. अनेक जण याला कारखान्याचा गुप्त क्रमांक समजतात. अर्थ सरळ आहे: अमेरिकी १४५ ग्रेनची गोळीही चालेल, ब्रिटिश २०० ग्रेनचीही. मला हा सगळ्यांत प्रामाणिक शिक्का वाटतो. वापरणाऱ्याला हवी ती माहिती त्यात आहे, कंपनीच्या नावाचा मोठेपणा नाही.

कोल्टची तऱ्हा उलटी. आपल्या नळीवर प्रतिस्पर्ध्याचं नाव कोरायला ती कंपनी राजी नव्हती. स्मिथ अँड वेसनच्या .३२ लाँग काडतुसातली गोळी पुढून चपटी केली आणि त्याला .३२ कोल्ट न्यू पोलीस म्हटलं. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थिओडोर रूझवेल्ट या पोलीस आयुक्तांनी १८९६ मध्ये न्यूयॉर्कसाठी याच नावाचं रिव्हॉल्व्हर निवडलं. .३८ बाबतही तेच: कोल्टच्या बँकर्स स्पेशल या रिव्हॉल्व्हरवर ‘.३८ पोलीस सीटीजी’ असं येतं, म्हणजे तेच .३८ एस अँड डब्ल्यू. ‘सीटीजी’ हे कार्ट्रिजचं लघुरूप. पोलीस हा शब्द वाचून लोक काहीतरी खास, जास्त जोरदार काडतूस शोधत बसतात, आणि दुकानदारही त्यांना तसं सांगतात.

खरा अन्याय झालाय तो दुसऱ्या महायुद्धातल्या स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हरांवर. ब्रिटन आणि राष्ट्रकुलासाठी अशी पाच लाखांहून जास्त बनली, नळीवर ‘३८ एस अँड डब्ल्यू सीटीजी’. युद्धानंतर ती पोलिसांकडे गेली, मग बाजारात आली. ब्रिटनमधून विकल्या गेलेल्यांवर तिथल्या चाचणीगृहाचे बारीक ठोके असतात: ‘.३८’, ‘.७६७’ आणि ‘३½ टन’. भिंगाखाली धरलं की दिसतं, अक्षरं हातानं ठोकलेली, एखादं तिरकं. .७६७ ही पुंगळीची, म्हणजे काडतुसाच्या पितळी आवरणाची, लांबी इंचांत, ३½ टन हा दर चौरस इंचावरचा दाब.

अमेरिकेत .३८ स्पेशल स्वस्त आणि मुबलक, त्यामुळे व्यापाऱ्यांनी यांतल्या असंख्य रिव्हॉल्व्हरांची घरं पोखरून लांब केली. नळीवरचा शिक्का तसाच ठेवला. पण .३८ एस अँड डब्ल्यूची पुंगळी आखूड आणि जाड, सुमारे .३८६ इंच; .३८ स्पेशलची .३७९. पोखरलेल्या घरात मागचा भाग मूळचा रुंदच राहतो. अशा रिव्हॉल्व्हरमधून निघालेली रिकामी पुंगळी हातात घ्या. बुडाच्या वर पोट सुटलेलं दिसतं, कधी पितळेला उभी चीरही गेलेली असते.

हे काम त्या काळी लोकांना गैर वाटलं नाही. रिव्हॉल्व्हर वापरात राहिलं, असं म्हणणारे आजही आहेत. मला ते मान्य नाही. निदान पोखरणाऱ्यानं नवा ठोका मारायला हवा होता.

पोखरलेलं ओळखायला जुन्या शिक्क्याचा उपयोग नाही. चक्री रिकामी करून .३८ स्पेशलचं निकामी, दारू नसलेलं काडतूस घरात सोडून पाहावं. मूळ घरात ते पूर्ण शिरत नाही. कडेपर्यंत खाली गेलं तर घर पोखरलेलं आहे, आणि विक्रीच्या यादीत दोन्ही गोष्टी लिहिल्या पाहिजेत: नळीवर काय कोरलंय ते, आणि आता आत काय बसतं ते.