पाइपलाइनमध्ये आलेली रिक्वेस्ट: हेडर आणि क्वेरी पॅरामीटर यांतला फरक

एचटीटीपी रिक्वेस्टने सुरू होणाऱ्या पाइपलाइनला (डेटा एकामागून एक स्टेपमधून नेणाऱ्या साखळीला) हेडर (रिक्वेस्टसोबत वेगळी येणारी माहिती) आणि क्वेरी पॅरामीटर (यूआरएलमध्ये '?' नंतर येणारी माहिती) दोन्ही नाव-व्हॅल्यूच्या जोड्या म्हणून मिळतात. त्यामुळे दोन्ही एकाच पद्धतीने वाचले जातात, आणि घोळ तिथेच होतो.

हेडरच्या नावात इंग्रजी लहान-मोठी अक्षरं एकच धरतात. एचटीटीपी/2 मध्ये तर ती लहानच असावी लागतात. पॅरामीटरच्या नावात एक अक्षर मोठं झालं की बहुतेक ठिकाणी तो वेगळा पॅरामीटर.

पॅरामीटर यूआरएलमधून एन्कोड होऊन (खास चिन्हं %-कोडमध्ये बदलून) येतो आणि बहुतेक टूल तो डीकोड करूनच हातात देतात. इथे सगळ्यात जास्त फसवणारं चिन्ह म्हणजे '+'. वेळेच्या शेवटी टाइम झोनचं +02:00 तसंच पाठवलं तर बहुतेक ठिकाणी '+' ची मोकळी जागा होते आणि तारीख वाचताना पाइपलाइन पडते. पाठवणाऱ्याने %2B लिहायला हवं. पाइपलाइनमध्ये पुन्हा डीकोड करून हे सुधारत नाही, उलट मजकुरातलं खरं % चिन्ह बिघडतं. हेडरची व्हॅल्यू मात्र कोणी आपणहून डीकोड करत नाही.

आता खरा प्रश्न: पुढच्या स्टेपपर्यंत यातलं काय टिकतं?

म्यूल 4 या इंटिग्रेशन टूलमध्ये दोन्ही ॲट्रिब्यूट्समध्ये (मेसेजसोबतच्या माहितीत), पण वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. मध्ये दुसऱ्या एपीआयला एचटीटीपी कॉल केला की ॲट्रिब्यूट्सच्या जागी त्या कॉलच्या उत्तराचे ॲट्रिब्यूट्स येतात आणि मूळ हेडर हरवतात. म्हणून लिसनरनंतर (रिक्वेस्ट घेणाऱ्या स्टेपनंतर) लगेच हवं ते व्हेरिएबलमध्ये ठेवा, किंवा त्या कॉलचं उत्तर वेगळं ठेवायला त्याला टार्गेट व्हेरिएबल द्या.

अपाचे कॅमल या इंटिग्रेशन टूलमध्ये नेमकं उलटं. तिथे हेडर आणि पॅरामीटर दोन्ही मेसेजच्या एकाच हेडर-मॅपमध्ये मिसळतात आणि पुढच्या कॉलपर्यंत सोबत जातात. आलेलं ऑथरायझेशन हेडर तिसऱ्याच सर्व्हरकडे पोचू शकतं, आणि आत येताना तयार झालेलं कॅमल-एचटीटीपी-पाथ हे हेडर बाहेर जाणारी यूआरएल बदलतं. बाहेरच्या कॉलआधी हे हेडर काढून टाकणं ऐच्छिक समजू नये.

अपाचे निफाय हे डेटा-प्रवाहाचं टूल दोघांच्या नावांपुढे वेगळे प्रीफिक्स लावतं, त्यामुळे नावं आपटत नाहीत. पण डेटाचे तुकडे एकत्र करणारा मर्ज-कंटेंट प्रोसेसर डीफॉल्टने फक्त समान व्हॅल्यूचे ॲट्रिब्यूट राखतो. वेगवेगळ्या रिक्वेस्ट एकत्र केल्या की उत्तर परत पाठवायला लागणारा कॉन्टेक्स्ट आयडीही जातो.

टोकन (ओळख पटवणारा गुप्त कोड) हेडरमध्येच पाठवा, कारण ॲक्सेस लॉगमध्ये सहसा यूआरएल पॅरामीटरसकट उतरते. तारखेची मर्यादा, पान क्रमांक असं पॅरामीटरमध्ये. पण ते येतं मजकूर म्हणूनच, त्यामुळे तुलना करण्याआधी संख्येत बदला, नाहीतर "10" हे "9" पेक्षा लहान ठरतं.

हेडर थेट सर्व्हरला पोचतं पण प्रॉक्सीमागून (मधल्या सर्व्हरमधून) गायब होतं? नावात अंडरस्कोर आहे का बघा. प्रॉक्सी म्हणून वापरला जाणारा एन्जिनएक्स सर्व्हर डीफॉल्टने अशी हेडर मुकाट्याने टाकून देतो. हायफन वापरा.