घोड्याच्या खुरातील गळू

घोड्याच्या खुराच्या टणक कवचाखाली पू साचून होणारा हा विकार म्हणजे घोडा अचानक लंगडू लागण्याच्या अगदी नेहमीच्या कारणांपैकी एक होय. आदल्या संध्याकाळी नीट चालणारा घोडा सकाळी तबेल्यात एक पाय उचलून उभा असतो, तो जमिनीला जेमतेम खुराचे टोक लावतो, आणि हाडच मोडले असावे असे मोतद्दाराला वाटते. दुखणे इतके तीव्र होण्याचे कारण पुवाच्या प्रमाणात नसून जागेच्या रचनेत आहे. अंगावर इतरत्र गळू झाले तर कातडी ताणली जाते, फुगते आणि पुवाला जागा मिळते. खुराचे कवच ताणले जात नाही, त्यामुळे चमचाभर पूसुद्धा आतल्या जिवंत भागावर मोठा दाब आणतो. हा दाब मोकळा करणे हाच उपचाराचा गाभा आहे. बाकी सर्व उपाय त्याला पूरक ठरतात.

खुराची बाहेरची भिंत, तळवा आणि तळव्याच्या मागच्या बाजूची त्रिकोणी लवचीक गादी हे तिन्ही भाग शिंगासारख्या निर्जीव द्रव्याचे असतात. त्यांच्या आत रक्तवाहिन्यांनी व मज्जातंतूंनी भरलेले नाजूक पापुद्रे असून ते खुरातील हाडाला भिंतीशी घट्ट जखडून ठेवतात. भिंत आणि तळवा जेथे जुळतात तेथे एक मऊसर पट्टा दिसतो. त्याला पांढरी रेषा म्हणतात, जरी प्रत्यक्षात तिचा रंग पिवळसर असतो. बहुतेक वेळा जंतूंचा शिरकाव येथूनच होतो. खूर वाजवीपेक्षा वाढला की भिंत बाहेर फाकते, ही रेषा रुंदावते आणि तिच्यात माती, खडे व शेण दाबले जाते. सतत ओल्या जमिनीवर उभे राहून खूर मऊ पडणे, नंतर कडक उन्हात वाळून त्याला चिरा जाणे, दगडावर आपटून तळव्याला मुका मार लागणे, नाल ठोकताना खिळा जिवंत भागात किंवा त्याच्या फार जवळ जाणे, ही इतर कारणे होत. माथेरानमध्ये मोटारगाड्यांना बंदी असल्याने प्रवासी आणि सामान यांची वाहतूक घोड्यांवरूनही होते. तेथील पावसाळा आणि जांभ्या दगडाच्या वाटा लक्षात घेतल्या, तर रोज खूर उचलून पाहण्याची सवय अशा ठिकाणी किती मोलाची आहे हे उमगते.

लंगडणे बहुधा एकाच पायात असते आणि कठीण जमिनीवर व वळताना ते वाढते. रोगी खूर दुसऱ्या पायाच्या खुराशी ताडून पाहिल्यास अनेकदा गरम लागतो. खुरापासून वर गेल्यावर जो पहिला ठळक सांधा लागतो, त्याच्या मागे दोन्ही अंगांना धमनी हाताला लागते. निरोगी पायात तिचे ठोके अस्पष्ट असतात, तर गळू झालेल्या पायात ते ठळकपणे उडताना जाणवतात. काही घोड्यांत पायाला वरपर्यंत सूज चढते, आणि ती पाहून स्नायुबंध दुखावल्याचा समज होतो. अशा वेळी सुजेवर मालीश करण्यात दिवस दवडण्यापूर्वी खुराची तपासणी झाली पाहिजे. पशुवैद्य किंवा अनुभवी नालबंद लांब दांड्यांच्या खूर-चिमट्याने तळवा आणि भिंत थोड्या थोड्या अंतरावर दाबत जातो. ज्या ठिकाणी घोडा प्रत्येक वेळी पाय हिसकतो तेथे पू असण्याची शक्यता जास्त असते. तळवा जाड व कडक असेल तर मात्र ही चाचणीही फसू शकते.

निदान करताना दोन शक्यता वगळणे अत्यावश्यक आहे. खुरदाहात, म्हणजे खुरातील नाजूक पापुद्र्यांचा दाह होतो त्या विकारात, बहुधा दोन्ही पुढचे पाय दुखतात आणि घोडा अंगाचा भार मागे टाकून उभा राहतो. अस्थिभंगातही पाय टेकवत नाहीत, म्हणून खात्री होईपर्यंत घोड्याला चालवू नये आणि शंका राहिल्यास क्ष-किरण चित्र घ्यावे. तळव्याच्या त्रिकोणी गादीत खिळा घुसला असेल तर ती तातडीची अवस्था समजावी, कारण तिच्या वर स्नायुबंध, होडीच्या आकाराचे लहान हाड आणि द्रवाची पिशवी असते. पशुवैद्य लवकर पोहोचणार असेल तर खिळा उपटू नये. तो जागेवर असतानाच घेतलेल्या चित्रात त्याची खोली व दिशा कळते. पाय टेकल्याने तो आणखी आत जाण्याचा धोका असेल तर तो काढावा, पण नेमकी जागा व दिशा यांची खूण करून ठेवावी.

उपचारात प्रथम नाल काढून खूर स्वच्छ धुतात आणि तळव्याचा वरचा पातळ थर तासतात. काळ्या रेषेचा किंवा ठिपक्याचा माग अरुंद सुरीने घेत गेल्यास राखाडी वा काळा, पातळ आणि अतिशय दुर्गंधी पू बाहेर येतो, कधी कधी तर दाबाने उडतोच. छिद्र पू वाहून जाण्यापुरतेच असावे. पू सापडेना म्हणून रक्त येईपर्यंत तळवा खोदत जाणे ही गंभीर चूक आहे. अशी जखम मूळ गळवापेक्षा जास्त दिवस घोड्याला बसवून ठेवते. माग लागत नसेल तर मॅग्नेशियम सल्फेट घातलेल्या कोमट पाण्यात खूर काही वेळ बुडवून कोंड्याचे पोटीस बांधतात आणि ते रोज बदलत एक-दोन दिवस वाट पाहतात. पट्टी केसांच्या कडेवर, म्हणजे खुराची भिंत वर कातडीला जुळते तेथे, आवळली जाऊ नये. पू वाहू लागल्यावर पोटीस थांबवून पोव्हिडोन आयोडीनमध्ये भिजवलेल्या कापसाने छिद्र भरतात आणि पाय कोरड्या जागी ठेवतात. मोरचूद, फॉर्मॅलिन यांसारखी तीव्र द्रव्ये छिद्रात ओतल्यास जिवंत भाग जळतो.

साध्या गळवात प्रतिजैविके सहसा लागत नाहीत, कारण रक्तपुरवठा नसलेल्या पुवाच्या पोकळीत ती पुरेशी पोहोचत नाहीत. ताप आला, किंवा संसर्ग हाड, सांधा अथवा वरच्या मऊ भागात पसरला, तर त्यांची गरज पडते. फिनिलब्यूटाझोनसारखे वेदनाशामक पशुवैद्याच्या सल्ल्यानेच द्यावे, कारण त्याने लंगडणे झाकले जाते आणि बरे वाटल्याचा भास होतो. धनुर्वाताची लस मात्र कधीही विसरू नये. घोडा या रोगाला फार लवकर बळी पडणारा प्राणी आहे, आणि खुरातील बंद, हवा नसलेली जखम धनुर्वाताच्या जंतूंना सोयीची असते. लसीकरणाची माहिती नसेल तर प्रतिविष देण्याचा निर्णय पशुवैद्य घेतात.

पू निघाल्यावर एक-दोन दिवसांतच घोडा पाय टेकवू लागतो. तसे झाले नाही, किंवा त्याच जागी गळू पुन्हा पुन्हा होऊ लागले, तर हाडाचा संसर्ग, शिंगद्रव्याची गाठ अथवा जुना खुरदाह यांचा शोध घ्यावा लागतो. तळव्याकडून वाट न मिळाल्यास पू पापुद्र्यांमधून वर चढतो आणि केसांच्या कडेला किंवा टाचेच्या मऊ भागाशी फुटतो. पूर्वी असे मानत की खडाच तळव्यातून वर प्रवास करतो. प्रत्यक्षात तो मार्ग पूच करत असतो. तेथे पडलेली आडवी चीर खुराच्या वाढीबरोबर, म्हणजे महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर या वेगाने, खाली सरकत राहते आणि खुराच्या पुढच्या भागात असल्यास जमिनीपर्यंत पोहोचायला तिला सुमारे वर्ष लागते. नंतर नालबंदाच्या कानशीखाली ती निघून जाते.