ट्रेबल उतरवून गिटारची किरकिर का जात नाही?

चतुर्थीच्या दिवसांत मालवण-वेंगुर्ल्याकडे एखाद्या ऑर्केस्ट्राचं साउंडचेक ऐका. गिटारवाल्याने डिस्टॉर्शन चालू केलं की साउंडवाला हमखास ओरडतो, "अरे गिटार किरकिरता हा, ट्रेबल कमी कर!" ट्रेबल उतरतो, किरकिर थोडी दबते आणि तिच्यासोबत गिटारही दबते. मग खापर केबलवर, नाहीतर 'डिजिटलला ट्यूब अँपची सर नाही' या ठरलेल्या वाक्यावर. खरं कारण बहुतेक वेळा गिटारच्या इफेक्ट प्रोसेसरच्या मेनूत बंद असतं: स्पीकर सिम्युलेशन, म्हणजेच गिटार अँपच्या स्पीकरची नक्कल करणारं कॅब सिम.

गिटार अँपमधला स्पीकर आवाज जसाच्या तसा ऐकवत नाही. बहुधा 12 इंची कागदी कोन, ट्वीटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) नाहीच. 5,000 हर्ट्झच्या आसपास त्याचा दम संपतो, त्यापुढे आवाज झपाट्याने पडतो. 2 ते 4 हजारांच्या पट्ट्यात मात्र तो उठाव देतो. इलेक्ट्रिक गिटारचा ओळखीचा आवाज या खोडींवरच उभा आहे.

डिस्टॉर्शन म्हणजे लहरीचे माथे छाटणं. सर्वांत जाड तारेचा स्वर 82 हर्ट्झचा. वरचे-खालचे माथे सारखेच छाटले तर त्यातून तिप्पट, पाचपट, सातपट असे स्वर फुटत जातात आणि ही रांग 10,000 हर्ट्झच्याही पुढे जाते. कागदी कोन ते वरचे स्वर गिळून टाकतो. मंडपातल्या 'टॉप' स्पीकरचा हॉर्न मात्र ते इमानेइतबारे वाजवतो. मिक्सरच्या ट्रेबल नॉबने हे भागत नाही, कारण तो वरचा सगळा पट्टा सरसकट थोडाथोडा उतरवतो. इथे तर 5 हजारांपुढे सरळ कापणी हवी आणि त्याखालचा उठाव शाबूत हवा.

आता माझ्या आवडीचा भाग. देवळाच्या रिकाम्या सभामंडपात एक टाळी वाजवा. कानावर जे परत येतं त्यात त्या वास्तूचा सगळा स्वभाव असतो. स्पीकरचाही स्वभाव असाच टिपतात: त्याला अगदी क्षणिक ठोका दिला तर तो काय उत्तर देईल, ते समोरच्या माइकने मोजायचं. या नोंदीला इम्पल्स रिस्पॉन्स किंवा आयआर म्हणतात. सेकंदाला 48,000 नमुने घेतले, तर 2,048 नमुन्यांची नोंद जेमतेम 43 मिलिसेकंदांची. गिटारच्या सिग्नलचा प्रत्येक नमुना हा एक लहानमोठा ठोकाच. प्रत्येकामागे ही 43 मिलिसेकंदांची शेपटी जोडायची आणि सगळ्या शेपट्यांची बेरीज करायची. आयआरवरचं कॅब सिम हेच करतं, आणि या क्रियेला कन्व्होल्यूशन म्हणतात. सरळ हिशोबाने सेकंदाला 9 कोटी 83 लाख गुणाकार होतात. फूरिये रूपांतराची, म्हणजे सिग्नल वारंवारतांमध्ये फोडण्याची, वाट धरली की त्यातले बरेचसे वाचतात, कारण काळातलं हे कन्व्होल्यूशन वारंवारतेच्या बाजूला साधा गुणाकार बनतं.

ही क्रिया रेषीय आहे, म्हणजे सिग्नल दुप्पट केला की उत्तरही दुप्पट, आणि ती वेळेनुसार बदलत नाही. म्हणून मोनोमध्ये साधा डिले (प्रतिध्वनीचा इफेक्ट) कॅब सिमच्या आधी ठेवा की नंतर, फरक पडत नाही. डिस्टॉर्शन रेषीय नाही. ते कॅब सिमच्या आधीच हवं.

आउटपुट मिक्सरला जात असेल तर कॅब सिम चालू. स्वतःचा स्पीकर असलेल्या गिटार अँपला जात असेल तर बंद, नाहीतर दोनदा गाळलेला आवाज कोंदतो. माइकची जागा बदलायची सोय असेल तर इक्वलायझरच्या आधी तिला हात लावा: कोनच्या मध्यावर आवाज धारदार, कडेला मऊ. हजारो आयआरचे गठ्ठे विकत घेण्यापेक्षा दोन-तीन नीट ऐकलेले बरे. डिलेची वेळ मिलिसेकंदांत काढायला 60,000 ला टेम्पोने, म्हणजे मिनिटाच्या ठोक्यांनी, भागा. 120 च्या गाण्याला 500 मिलिसेकंद.

जॅक हलवल्यावर येणारी-जाणारी खरखर मात्र वेगळी, ती खाऱ्या हवेने गंजलेल्या टोकांची असू शकते. तिथे कॉन्टॅक्ट क्लीनर लागतो. मिक्सरला बांधलेल्या लिंबू-मिरचीने तीही जात नाही.

आणि घरी हळू आवाजात बसवलेले प्रीसेट (जतन केलेल्या सेटिंग्ज) मैदानावर तसेच वापरू नका. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्ये दाखवलं की हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो. म्हणून घरी आपण बेस चढवून ठेवतो आणि मैदानावर तोच घुमतो. साउंडचेकला पूर्ण आवाजात आधी बेस उतरवा, मग बाकीचे नॉब.