अमेरिकी हायस्कूल कुस्तीतले एकतर्फी विजय : पिन, टेक फॉल आणि मेजर

अमेरिकेत हायस्कूलची पोरं जी कुस्ती खेळतात तिला फोकस्टाइल म्हणतात. मॅटवरची कुस्ती, २-२ मिनिटांचे ३ पिरियड, एकूण ६ मिनिटं. ऑलिम्पिकला आपण बघतो ती फ्रीस्टाइल वेगळी आणि आपली मातीतली तर फारच वेगळी, कारण मातीत जुना हिशेब सरळ होता, चितपट झाली तर निकाली कुस्ती, नाहीतर बरोबरीत सोडवली. फोकस्टाइलमध्ये चितपट आहेच, तिला तिकडे पिन किंवा फॉल म्हणतात, पण तिच्याखाली अजून तीन पायऱ्या आहेत. १५ गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच थांबते, तो टेक्निकल फॉल (बोलताना सगळे टेक फॉलच म्हणतात). ८ ते १४ गुणांच्या फरकाने जिंकलं तर मेजर डिसिजन, नुसतं मेजर. त्याहून कमी फरक असेल तर साधं डिसिजन. यातले पहिले तीन म्हणजे एकतर्फी विजय, आणि यातला सगळ्यात भारी कुठला यावर तिकडे वाद चालतो, विशेषतः पिन मोठी की टेक फॉल मोठा यावर.

वाद नुसता मानापानाचा नाही, यात टीमचे गुण अडकलेले असतात. दोन शाळांच्या टीम समोरासमोर येतात त्याला ड्युअल मीट म्हणतात, प्रत्येक वजनगटाची एक कुस्ती, आणि पिनला टीमला ६ गुण मिळतात, टेक फॉलला ५, मेजरला ४, साध्या डिसिजनला ३. आता १४ वजनगट धरा (बरीच वर्षं १४ होते, हल्ली राज्यांना १२, १३ किंवा १४ निवडायची मुभा आहे). एका शाळेने ८ कुस्त्या साध्या डिसिजनने मारल्या तर झाले २४. दुसरीने ६ च मारल्या पण सगळ्या पिनने, तर झाले ३६. म्हणजे जास्त कुस्त्या जिंकलेली टीम १२ गुणांनी हरली, आणि बाहेरच्या माणसाला हे बघून चक्रावायला होतं. मोठ्या टूर्नामेंटमध्ये हिशेब थोडा वेगळा आहे, तिथे पुढच्या फेरीत गेल्याचे गुण मिळतात आणि त्यावर पिनला २, टेक फॉलला दीड, मेजरला १ असा बोनस चढतो, पण क्रम तोच राहतो.

म्हणून वर वर दिसतं त्यापेक्षा हरणाऱ्या पोराचं काम फार मोठं असतं. समोरचा राज्याचा चॅम्पियन आहे, जिंकणं शक्य नाही हे सगळ्यांना माहितीये, तरी कोच बाजूला बसून ओरडत असतो की पाठीवर जाऊ नको, कारण पिन झाली तर ६ गेले आणि ६ मिनिटं तग धरून साध्या फरकाने हरला तर ३ च गेले, म्हणजे हरूनही त्याने टीमचे ३ गुण वाचवले. आपल्याकडे पडला तरी चीत झाला नाही असं कौतुकाने म्हणतात ते इथे आकड्यात मोजलेलं आहे. फक्त पोटावर पडून नुसतं कासव होऊन बसायची सोय नाही, खालच्याने सुटायचा प्रयत्न करायलाच पाहिजे, नाहीतर पंच स्टॉलिंग (वेळकाढूपणा) देतो, आधी ताकीद, मग समोरच्याला १ गुण, परत १, मग २, आणि त्यानंतर थेट बाद.

पिन म्हणजे नक्की काय तर समोरच्याचे दोन्ही खांदे मॅटला २ सेकंद टेकवून धरायचे. कॉलेजमध्ये हेच १ सेकंद आहे, आणि फ्रीस्टाइलमध्ये तर पंचाला पूर्ण कब्जा दिसला की क्षणभरही चालतो. हायस्कूलमधले २ सेकंद ऐकायला काहीच नाहीत पण खालचा माणूस ब्रिज करून (डोकं आणि पाय टेकवून पाठ कमानीसारखी उचलून) मान ताठ धरून वळवळत असताना ते २ सेकंद मिळवणं म्हणजे घाम निघतो. पंच मॅटवर आडवा पडून खांद्याखाली फट आहे का बघतो आणि मग तळहाताने मॅटवर थाप मारतो, ती थाप पडली की स्कोर काय होता याला काही अर्थ उरत नाही. हाफ नेल्सन, आर्म बार, क्रेडल (पोराचं डोकं आणि गुडघा एकत्र आणून मोळीसारखं बांधायचं) हे पिनचे रोजचे डाव.

आता गंमत इथेच आहे. पिन स्कोर विचारत नाही, म्हणून १२-१ ने मार खाणारा पोरगा शेवटच्या मिनिटात हेडलॉक मारून समोरच्याला पाठीवर टाकतो आणि जिंकतो. निकालाच्या कागदावर तो विजय आणि पहिल्या मिनिटात क्रेडल बांधून केलेली पिन दोन्ही सारखेच दिसतात, फॉल आणि पुढे वेळ, बस. टेक फॉल मात्र चुकून लागत नाही. १५ गुणांची आघाडी घ्यायची म्हणजे परत परत तेच करून दाखवावं लागतं, समोरच्याला एक चूक करून नाही तर सात-आठ वेळा हरावं लागतं. त्यामुळे माझं मत असं की दोघांमधलं अंतर मोजायचं असेल तर टेक फॉल जास्त खरं बोलतो, पण कुस्ती म्हणून बघाल तर पिनच मोठी, कारण कुस्तीचा मूळ हेतूच पाठ लावणं आहे आणि ६ विरुद्ध ५ हा एका गुणाचा फरक नियम करणाऱ्यांनी त्यासाठीच ठेवलेला असणार.

टेक फॉलचा भाव मात्र अलीकडे उतरलाय. शाळांचे नियम ठरवणाऱ्या राष्ट्रीय महासंघाने (एनएफएचएस) २०२४-२५ च्या सीझनपासून टेकडाउनला २ ऐवजी ३ गुण केले, कॉलेजवाल्यांनी आदल्याच वर्षी केले होते. टेकडाउन म्हणजे उभ्याने लढताना समोरच्याला खाली आणून कब्जा घेणं, आपल्याकडे एकेरी पट काढून खाली घेतात तसं. चांगले पोरं काय करतात, खाली आणतात, लगेच मुद्दाम सोडून देतात (त्याचा समोरच्याला १ गुण मिळतो), परत खाली आणतात. आधी २ मिळायचे आणि १ द्यावा लागायचा, म्हणजे फेरीला निव्वळ १. या पद्धतीने १५ ची आघाडी गाठायला १४ टेकडाउन लागायचे, २८-१३. आता ३ घ्या १ द्या, तर सातव्या टेकडाउनला २१-६ होतं आणि कुस्ती संपते. बरोबर निम्मं काम. आघाडीची अट मात्र १५ चीच राहिली, ती वाढवली नाही, आणि हे मला तरी थोडं विचित्र वाटतं.

दुसरा रस्ता निअर फॉलचा. समोरच्याची पाठ मॅटकडे ४५ अंशांपेक्षा कमी कोनात वळवून धरली पण खांदे टेकले नाहीत, तर किती सेकंद धरली त्यावर गुण मिळतात, २ सेकंदांना २, ३ ला ३, ४ ला ४. मनगट पकडून समोरच्याला नुसतं कलंडवायचं, मोजणी संपली की परत पोटावर आणायचं आणि परत कलंडवायचं, याला टिल्ट म्हणतात. एक टेकडाउन आणि चार-चारचे तीन टिल्ट, झाले १५, सगळं जमलं तर पहिल्याच पिरियडमध्ये. जुन्या लोकांना हे आवडत नाही, त्यांचं म्हणणं की टिल्टवाला पिन करायला बघतच नाही, तो गुण गोळा करतो. थोडं खरंय. पण टिल्ट मारणाऱ्याचा कब्जा बघितला की तक्रार करणाऱ्यांचीही बोलती बंद होते.

अजून एक बारीक नियम आहे. टेकडाउनने १५ ची आघाडी झाली आणि त्याच झटक्यात समोरचा पाठीवरही आला, तर पंच लगेच शिट्टी मारत नाही, ती स्थिती मोडेपर्यंत कुस्ती चालू राहते, म्हणजे टेक फॉलची पिन करायची संधी मिळते. इथे नियमाचा कल कुणाकडे आहे ते कळतं.

मेजरबद्दल कुणी फार बोलत नाही, पण ड्युअलमध्ये सगळ्यात जास्त आरडाओरडा मेजरवरूनच होतो. ७ ची आघाडी आणि १५ सेकंद उरले असतील तर एक टेकडाउन हवं असतं, ८ ची आघाडी असेल आणि आपण वर असू तर काहीही करून सुटू द्यायचं नसतं, कारण समोरचा निसटला की त्याला १ मिळाला, फरक ७ झाला, टीमचा गुण गेला. स्कोरकडे बघत मनगट घट्ट धरून नुसतं चिकटून राहिलेला पोरगा कंटाळवाणा दिसतो, पण तो हिशेबाने बरोबर असतो.

आणि हो, फॉरफिट. समोरच्या शाळेकडे त्या वजनगटात पोरगाच नसेल तर घाम न गाळता ६ गुण, पिनइतकेच. छोट्या शाळांची इथे फार वाट लागते, दोन-तीन वजनगट रिकामे म्हणजे १२-१८ गुणांनी मागे राहूनच सुरुवात. पोराच्या सीझनच्या विजयांतही फॉरफिट मोजला जातो, म्हणून एखाद्याचा रेकॉर्ड ४०-० वाचला तर जाणकार माणूस आधी विचारतो, पिन किती?

पिन मोजायची ही सवय जुनी आहे. ओक्लाहोमातल्या पेरी गावचा डॅन हॉज १९५० च्या दशकात कॉलेजला ४६-० राहिला, त्यातल्या ३६ कुस्त्या पिनने. एका हातात सफरचंद फोडायचा म्हणून पण तो प्रसिद्ध होता. १९९५ पासून कॉलेजच्या सर्वोत्तम पैलवानाला त्याच्या नावाची हॉज ट्रॉफी देतात आणि तिच्या निकषांत जय-पराजयाचा रेकॉर्ड, पिनची संख्या आणि वर्चस्व असे वेगवेगळे मोजतात, म्हणजे तिथेही पिन आणि वर्चस्व एकच धरलेलं नाही. हायस्कूलच्या बऱ्याच टूर्नामेंटमध्ये तर कमीत कमी वेळात सगळ्यात जास्त पिन करणाऱ्याला वेगळं बक्षीस असतं. टेक फॉलसाठी असं बक्षीस मी तरी फारसं ऐकलेलं नाही.

फ्रीस्टाइलमध्ये हीच भानगड १० गुणांवर संपते, ग्रीको-रोमनमध्ये (ज्यात कमरेखाली पकड चालत नाही) ८ वर, आपल्या पेपरात त्याला तांत्रिक गुणाधिक्यावर विजय असं लिहितात. तिकडचे पोरं उन्हाळ्यात फ्रीस्टाइल खेळायला गेले की पहिले काही दिवस गोंधळतात, कारण हायस्कूलमध्ये वरच्याला निवांत चिकटून राहायची सवय लागलेली असते आणि इथे खाली आणल्यावर लगेच काही केलं नाही तर पंच दोघांना परत उभं करतो.