गिश्श (इस्लाममधील फसवणुकीची मनाई)

गिश्श ही इस्लामी नीतिशास्त्रातील आणि कायद्यातील अरबी संज्ञा आहे. भेसळ, लबाडी, दोष झाकून माल खपवणे हे सारे तिच्यात येते. खरेपणाला ‘सिद्क’ आणि खोटे बोलण्याला ‘किज्ब’ असे वेगळे शब्द आहेत. गिश्श मात्र तोंडातून एकही खोटा शब्द न काढता करता येतो.

‘सहीह मुस्लिम’ या हदीससंग्रहातील (हदीस म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींचे कथन) त्यांचे सहकारी अबू हुरैरा यांनी सांगितलेला प्रसंग या विषयाच्या मुळाशी आहे. बाजारातून जाताना पैगंबर मुहंमद धान्याच्या एका राशीपाशी थांबले आणि त्यांनी तिच्यात हात घातला. बोटांना ओल लागली. हे काय, असे विचारता विक्रेता म्हणाला, पाऊस लागला. त्यावर पैगंबर म्हणाले, मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस? जो फसवतो तो माझा नव्हे. पाऊस पडला हा विक्रेत्याचा दोष नव्हता आणि धान्य कोरडे आहे असेही तो म्हणाला नव्हता. कोरडे धान्य वर आणि ओले खाली, एवढीच त्याची लबाडी.

कुराणाचा रोख मापात पाप करणाऱ्यांवर आहे. 83व्या सूरेचे (अध्यायाचे) नावच ‘अल्-मुतफ्फिफीन’, म्हणजे माप मारणारे. स्वतः घेताना पुरेपूर मोजून घेणारे आणि दुसऱ्याला देताना कमी भरवणारे, असे त्यांचे वर्णन पहिल्या तीन आयतींत (वचनांत) येते. मद्यनच्या लोकांना प्रेषित शुऐब यांनी दिलेली ताकीदही वजनमापाचीच आहे.

हदीसांमध्ये फसवणुकीचे प्रकार बारकाव्याने येतात. जनावर विकण्याआधी काही दिवस दूध न काढता कास तुंबवून ठेवणे याला ‘तस्रिया’ म्हणतात. अशा खरेदीदाराला तीन दिवसांत जनावर परत करता येते. काढलेल्या दुधाबद्दल मात्र त्याने एक साअ (एक जुने माप) खजूर द्यायचा. फसलेल्या माणसालाही हिशेब चुकत नाही, हे यातले विशेष. घ्यायचे नसताना बोली चढवून किंमत फुगवणे म्हणजे ‘नज्श’. त्यालाही मनाई आहे. ‘मुराबहा’ व्यवहारात विक्रेत्याने आपली मूळ खरेदी किंमत आणि नफा दोन्ही सांगायचे असतात.

पुढे शासनाने नेमलेला ‘मुहतसिब’ बाजारातली वजने-मापे आणि भेसळ तपासू लागला. उस्मानी (ऑटोमन) साम्राज्याच्या ‘मजल्ला’ या दिवाणी संहितेत (1869–76) ठकवणुकीला आकडेही मिळाले. वाजवी किमतीपेक्षा सामानसुमानात वीसावा, जनावरांत दहावा आणि स्थावर मालमत्तेत पाचवा हिस्सा वा अधिक फरक पडला, तर ते घोर नुकसान. तरी एरवी नुसत्या नुकसानीवर सौदा मोडता येत नसे. समोरच्याने फसवले हेही लागे.

अपवादही आहेत आणि वाद त्यांच्यावरच अधिक होतो. पैगंबरांच्या काळातील उम्म कुल्सूम बिन्त उक्बा यांनी सांगितलेल्या हदीसेनुसार दोघांत समेट घडवण्यासाठी चांगले शब्द रचून सांगणारा खोटारडा ठरत नाही. युद्ध आणि पती-पत्नीमधले बोलणे हे आणखी दोन अपवाद. येथेही उघड खोटे चालते की केवळ दुहेरी अर्थाचे बोलणे, यावर विद्वानांचे एकमत नाही. युद्धात हुलकावणी चालते, पण करार गुपचूप मोडता येत नाही; तो संपल्याचे आधी उघड कळवावे, असे कुराण (8:58) सांगते. जिवावर बेतल्यास श्रद्धा लपवण्याची मुभा म्हणजे ‘तकिय्या’ (आधार 16:106). तिचा अधिक विचार छळ सोसलेल्या शिआ परंपरेत झाला. तिला सरसकट खोटेपणाचा परवाना म्हणणे हा अर्धवट माहितीवरचा आरोप आहे.

बाजारातला एक शब्द विद्वानांनी स्वतःलाही लावून घेतला. मालाचा दोष झाकणे म्हणजे ‘तदलीस’. ज्याच्याकडून हदीस प्रत्यक्ष ऐकली त्याचे नाव गाळून, ती वरच्या मोठ्या माणसाकडूनच ऐकल्याचा भास निर्माण करणे यालाही तदलीसच म्हणतात. बसऱ्याचे हदीस-विद्वान शुअबा (मृत्यू 776) तिला खोटेपणाचा भाऊ म्हणत. पुढच्या काळातील हदीस-विद्वान इब्न हजर अल-अस्कलानी (मृत्यू 1449) यांनी असे करणाऱ्या हदीस-निवेदकांची यादी करून त्यांचे पाच वर्ग पाडले. पहिल्या वर्गात क्वचितच तसे करणारे आहेत आणि त्यांच्या हदीसा स्वीकारल्या जातात. पुढच्या एका वर्गातल्यांनी मात्र ‘मी ऐकले’ असे स्पष्ट म्हटल्याशिवाय त्यांचे कथन घेतले जात नाही.