भारत आणि बहुक्रीडा स्पर्धा: डेक्कनच्या मैदानापासून बालेवाडीपर्यंत

ऑलिम्पिक, एशियन गेम्स, कॉमनवेल्थ, पॅरालिम्पिक, म्हणजे एकाच शहरात एकाच वेळी ढीगभर खेळ आणि ढीगभर देश अशी जी जत्रा भरते तिला बहुक्रीडा स्पर्धा म्हणतात. भारत यात टीम म्हणून उतरला १९२० साली अँटवर्पला, आणि त्या टीमचं मूळ दिल्लीत नाही, कलकत्त्यात नाही, पुण्यात आहे, डेक्कन जिमखान्यावर. आपण रोज ‘डेक्कनला भेटू’ म्हणतो तो डेक्कन या क्लबच्या नावावरून पडलाय हेच निम्म्या लोकांना माहीत नसतं, तर ऑलिम्पिकचं कुठून असणार.

त्याआधीचं एक नाव घ्यावं लागतं, नॉर्मन प्रिचर्ड. कलकत्त्यात जन्मलेला, इंग्रज घरातला. १९०० च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २०० मीटर आणि २०० मीटर हर्डल्समध्ये दोन सिल्व्हर घेतली आणि पुढे चक्क हॉलिवूडमध्ये जाऊन नट झाला. ती मेडल्स भारताची की ब्रिटनची यावर वाद आहे, पण आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक कमिटी भारताच्या खात्यात धरते म्हणून आपणही धरतो. मागे पाठवणारी संघटना वगैरे काही नव्हती, त्यामुळे खरी सुरुवात तिथून मानता येत नाही.

डेक्कन जिमखाना, १९१९

डेक्कन जिमखाना १९०६ चा. दोराबजी टाटा, म्हणजे जमशेटजींचे थोरले चिरंजीव, या जिमखान्याचे अध्यक्ष होते आणि १९१९ च्या मैदानी शर्यती बघायला आले होते. धावणारे बहुतेक शेतकरी घरातले, पायात काही नाही, ट्रेनिंग नावाचा प्रकार नाही, रनिंगचे नियम कुणी धड सांगितलेले नाहीत, आणि तरी लांब पल्ल्याच्या शर्यतींचे टाइम युरोपातल्या टाइमच्या जवळ जात होते. शिक्षण इंग्लंडात झाल्यामुळे दोराबजींना ते आकडे काय आहेत हे कळत होतं, शेजारी बसलेल्या साहेबाला नुसती गंमत वाटली असती. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कानावर त्यांनी विषय घातला, ब्रिटिश ऑलिम्पिक संघटनेमार्फत परवानगी आली, थोडे पैसे दोराबजींनी स्वतः घातले, थोडे इकडून तिकडून जमवले आणि टीम ठरली. सहा जण.

सहा नावं अशी. पूर्मा बॅनर्जी, स्प्रिंट. फडेप्पा चौगुले, बेळगावचा, मॅरेथॉन. सदाशिव दातार, तोही मॅरेथॉन. कैकाडी, लांब पल्ला. आणि दोन पैलवान, कुमार नवले आणि रणधीर शिंदे. बॅनर्जी सोडले तर सगळा मामला आपल्या भागातला, जाणार मात्र ब्रिटिश झेंड्याखाली. चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावा आला, वेळ दोन तास पन्नास मिनिटांच्या आसपास, आणि आजही एखाद्या हौशी पुणेकराने रविवारी हा टाइम काढला तर तो आठवडाभर ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकत बसेल. शिंदे तर फेदरवेट फ्रीस्टाइलमध्ये चौथा आला, ब्राँझच्या कुस्तीत हरला. तालमीतल्या लाल मातीत वाढलेला माणूस परक्या नियमांच्या कुस्तीत मेडलपासून एका कुस्तीवर थांबला. ती कुस्ती मारली असती तर, प्रिचर्ड सोडला तर, भारतातल्या माणसाचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक मेडल खाशाबा जाधवच्या १९५२ च्या मेडलच्या ३२ वर्षं आधी आलं असतं, आणि गंमत म्हणजे तेव्हाही ते मराठी पैलवानाचंच असतं.

पुढचं सगळं त्यातूनच आलं. १९२४ ला पॅरिसला मोठी टीम गेली, १९२७ ला भारतीय ऑलिम्पिक संघटना उभी राहिली आणि पहिले अध्यक्ष अर्थातच दोराबजी.

हॉकीची सावली

यानंतरची चाळीस वर्षं म्हणजे हॉकी, बाकी खेळ तोंडी लावायला. १९२८ ॲमस्टरडॅम, जयपालसिंग मुंडा कॅप्टन, ध्यानचंदचे १४ गोल आणि गोल्ड. १९३२ ला अमेरिकेला २४-१ असं धुतलं. १९३६ ला बर्लिनमध्ये फायनलला जर्मनीवर ८-१. मग स्वातंत्र्य आणि १९४८ ला लंडनमध्येच फायनलला ब्रिटनला ४-०, ही मॅच त्या पिढीतली माणसं डोळ्यांत पाणी आणून सांगायची. १९५२, १९५६ परत गोल्ड, १९६० ला पाकिस्तानने साखळी तोडली, १९६४ ला परत मिळवलं, १९८० ला मॉस्कोत शेवटचं. एकूण आठ गोल्ड. २०२० आणि २०२४ ला ब्राँझ आली तेव्हा लोकांना झालेला आनंद बघितला तर मधला दुष्काळ किती लांब होता ते कळतं.

बर्लिनचं अजून एक, जे हॉकीच्या नादात राहून जातं. १९३६ ला अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची टीम तिथे गेली होती आणि त्यांनी देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली. मेडल वगैरे काही नाही, पण आपले खेळ ऑलिम्पिकच्या गावात पोचले ते असे. कबड्डी एशियन गेम्समध्ये मेडलचा खेळ झाली ती थेट १९९० ला, बीजिंगला.

पुण्याचा हॉकीतला वाटा म्हणजे खडकी. ऑर्डनन्स फॅक्टरी, लष्कराची वस्ती, तमिळ घरं आणि गल्लीगल्लीत हॉकी. धनराज पिल्ले तिथला. लहानपणी मोडक्या स्टिका सुतळीने बांधून खेळायचा, आणि नंतर १९९२ ते २००४ अशी सलग चार ऑलिम्पिक खेळला. मेडल एकातही नाही, हे त्याच्याइतकंच आपल्यालाही लागतं. पण १९९८ च्या बँकॉक एशियन गेम्सला तो कॅप्टन होता आणि गोल्ड आलं, ३२ वर्षांनी. सदाशिव पेठेला खडकीत वर्ल्ड क्लास माणूस राहतो याची कल्पना बरीच उशिरा आली असं माझं मत आहे.

खाशाबा

खाशाबा दादासाहेब जाधव, गोळेश्वर, कराडजवळ. १९४८ ला लंडनला फ्लायवेटमध्ये सहावा आला, मॅटवर पहिल्यांदाच, खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. १९५२ ला हेलसिंकीला जायचं तर परत पैशांचा प्रश्न. गावाने वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. हे वाचताना जरा थांबा, प्राचार्याने विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी घर गहाण ठेवलं.

हेलसिंकीत जपानच्या इशीईबरोबर लांबलेली, दमवणारी कुस्ती झाली, ती हरल्यावर नियमाप्रमाणे मिळायला हवी ती विश्रांती न देता लगेच सोव्हिएत पैलवानाशी लढायला उभं केलं, आपल्या बाजूने भांडायला तिथे कुणी अधिकारीच नव्हता. तरी ब्राँझ आलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक मेडल. परत आल्यावर कराडहून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली आणि खाशाबाने कुस्त्यांचे फड लावून आधी खर्डेकरांचं घर सोडवलं. १९५५ ला पोलिसात सब-इन्स्पेक्टर झाला, १९८४ ला अपघातात गेला, अर्जुन पुरस्कार मिळाला तो मेल्यावर, आणि पद्म पुरस्कार अजून नाही.

खाशाबानंतर पुढचं वैयक्तिक मेडल थेट १९९६ ला, लिअँडर पेस. मध्ये मिल्खा सिंग १९६० ला चौथा, पी. टी. उषा १९८४ ला सेकंदाच्या शंभराव्या भागाने चौथी. मग २००० ला वेटलिफ्टर मल्लेश्वरी, २००४ ला नेमबाज राठोड, २००८ ला अभिनव बिंद्राचं गोल्ड, २०१२ ला एकदम सहा मेडल्स, टोकियोत सात आणि नीरज चोप्राचा ८७.५८ मीटरचा भाला, पॅरिसला सहा. पॅरिस धरून टोटल ४१, त्यात गोल्ड १०, आणि त्या दहातली आठ हॉकीची. एवढ्या लोकसंख्येला हा आकडा लाजिरवाणा आहे हे दर चार वर्षांनी ऐकू येतंच, मी परत लिहीत नाही.

एशियन आणि कॉमनवेल्थ

एशियन गेम्स सुरूच दिल्लीत झाले, मार्च १९५१, अकरा देश, भारत जपानच्या मागे दुसरा, ५१ मेडल्स. पोहण्यात सचिन नागचं गोल्ड, फुटबॉलमध्ये इराणला १-० हरवून गोल्ड, होय फुटबॉलमध्ये, आणि १९६२ ला जकार्तात परत एकदा. १९८२ ला दिल्लीत परत भरले तेव्हा घरोघरी रंगीत टीव्ही आले, बऱ्याच लोकांना तेवढंच आठवतं. १०० च्या वर मेडल्स पहिल्यांदा झाली हांगझोऊला, २०२३ मध्ये, तेव्हाच्या टेबलात १०७. त्यात बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे, ३००० मीटर स्टीपलचेसला गोल्ड. नागपूरचा ओजस देवतळे, तिरंदाजीत तीन गोल्ड. साताऱ्याची अदिती स्वामीही तिरंदाजीतलीच.

कॉमनवेल्थमध्ये पहिलं मेडल १९३४ ला रशीद अन्वरचं, कुस्ती, ब्राँझ. १९५८ ला कार्डिफला मिल्खा आणि लीला राम यांची गोल्ड. २०१० ला दिल्लीत १०१ मेडल्स.

२०१० म्हटलं की पुणेकर जरा चुळबुळ करतात, कारण सुरेश कलमाडी तेव्हा इथले खासदार होते. १९९६ पासून बरीच वर्षं ते भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे अध्यक्ष होते, १९८३ ला पुणे इंटरनॅशनल मॅरेथॉन त्यांनीच सुरू केली. दिल्लीच्या आयोजनातल्या गैरव्यवहाराच्या आरोपांवरून २०११ ला त्यांना अटक झाली, आणि २०२५ ला मनी लाँडरिंगच्या केसमधला ईडीचा क्लोजर रिपोर्ट कोर्टाने मान्य केला. गावात यावर दोन तट आहेत आणि राहतील. पण बालेवाडी बघताना त्यांचं नाव टाळून गोष्ट सांगता येत नाही.

बालेवाडी आणि घोरपडी

म्हाळुंगे-बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडा संकुल उभं राहिलं १९९४ च्या नॅशनल गेम्ससाठी. तेव्हा बालेवाडी म्हणजे शेतं, पुण्यातून तिकडे जायचं म्हणजे ट्रिप. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये तिथेच कॉमनवेल्थ यूथ गेम्स झाले, तिसरे, मॅस्कॉट ‘जिगर’ नावाचा वाघ, आणि ३३ गोल्ड घेऊन भारत टेबलमध्ये पहिला. मोठ्या माणसांच्या स्पर्धेत असं कधी होत नाही त्यामुळे पुणेकरांनी मिरवून घेतलं ते योग्यच. आता त्या भागात फ्लॅटचे भाव विचारू नका, पण आत शूटिंग रेंज, पूल, ट्रॅक हे सगळं अजून आहे आणि रोज पहाटे पोरं येतात.

त्याच रेंजवर वर्षानुवर्षं प्रॅक्टिस करणारा स्वप्नील कुसळे, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, नोकरी तेव्हा मध्य रेल्वेच्या पुणे विभागात, तिकीट तपासनीस. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ पॉइंट, ब्राँझ. महाराष्ट्राच्या माणसाचं वैयक्तिक ऑलिम्पिक मेडल, खाशाबानंतर ७२ वर्षांनी. कोच दीपाली देशपांडे, त्या स्वतः २००४ च्या ऑलिम्पियन.

दुसरं ठिकाण घोरपडीकडे, आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट, २००१ पासून. बाहेरून जाणाऱ्याला फक्त भिंत आणि पहारा दिसतो. आत तिरंदाज, बॉक्सर, पैलवान, डायव्हिंगवाले, आणि १२-१३ वर्षांची पोरं जी बॉईज कंपनीत आणून तयार करतात. टोकियोनंतर तिथल्या स्टेडियमला नीरज चोप्राचं नाव दिलं.

पॅरालिम्पिक

इथे पुण्याच्या माणसाला खरंच मोठा मान आहे. मुरलीकांत पेटकर, मूळचे पेठ इस्लामपूरचे, लष्करात ईएमईमध्ये, म्हणजे यंत्रदुरुस्तीच्या शाखेत, बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात अंगात गोळ्या घुसल्या, कमरेखालचं शरीर निकामी. पोहायला लागले ते उपचार म्हणून. १९७२ ला जर्मनीत हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत, वर्ल्ड रेकॉर्ड, गोल्ड. भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलंच मेडल आणि तेच गोल्ड, बिंद्राच्या ३६ वर्षं आधी. नंतर पुण्यात टेल्कोत, म्हणजे आताच्या टाटा मोटर्समध्ये, नोकरी केली, इथेच राहिले, आणि लोक त्यांना विसरून गेले. पद्मश्री २०१८ ला. २०२४ ला त्यांच्यावर हिंदी सिनेमा आला तेव्हा पुण्यातल्याच पुण्यात लोक एकमेकांना विचारत होते, अरे हे आपल्याकडेच राहतात?

मेडल्स म्हणाल तर टोकियोत १९, पॅरिसला २९, म्हणजे ऑलिम्पिकच्या टीमपेक्षा कितीतरी जास्त. पॅरिसच्या २९ मध्ये एक सिल्व्हर सांगली जिल्ह्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीचं, गोळाफेक, १६.३२ मीटर.

पुढे

२०३० चं कॉमनवेल्थ, म्हणजे त्या स्पर्धेला शंभर वर्षं होतात ते साल, अहमदाबादला मिळालंय, आणि २०३६ चं ऑलिम्पिकही तिकडेच न्यायचं चाललंय. पुण्याला त्यात काय मिळेल ते मिळेल. तोवर स्वारगेटला पहाटे कोल्हापूर-सांगली-साताऱ्याच्या एसट्या लागतात, आणि त्यातून एखादं पोरगं लांब पिशवी खांद्यावर टाकून उतरतं आणि बालेवाडीची बस कुठून मिळेल म्हणून विचारतं.