सरकारी नोकरीची जाहिरात कोणाला ओढते?

सरकारी नोकरीच्या मुलाखतीत ‘लोकांची सेवा करायची आहे’ हे उत्तर ठरलेलं असतं. पण ते मनापासून आहे का, हे मोजायचं कसं? अमेरिकी अभ्यासक जेम्स पेरी यांनी १९९६मध्ये त्यासाठी २४ विधानांची प्रश्नावली तयार केली. धोरण घडवण्याची ओढ, लोकहिताची बांधिलकी, कणव आणि झीज सोसायची तयारी, असे प्रेरणेचे चार पदर तिच्यात धरले आहेत. अडचण अशी, की ‘पूर्ण सहमत’वर खूण करायला काहीच मोजावं लागत नाही.

बंगळुरूत झालेल्या, २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात म्हणून विद्यार्थ्यांच्या हाती फासा दिला. तो ४२ वेळा टाकायचा, पडलेला आकडा आपणच लिहायचा. आकडा मोठा तर पैसे जास्त. बघायला कोणी नाही. सरळ मनाने लिहिलं तर बेरीज १४७च्या आसपास येते. एखाद्याची नशिबाने वाढेल, पण शेकडो जणांची वाढली की कुठेतरी पाणी मुरतंय. आकडे फुगवणाऱ्यांनाच सरकारी नोकरी जास्त हवी होती. डेन्मार्कमध्ये फाशाचाच वेगळा खेळ मांडला, तर उलट निघालं: प्रामाणिक मुलंच सरकारी सेवेकडे वळत होती. माझ्या मते, त्या खुर्चीत बसून काय मिळतं याची समाजात जी ख्याती असते, तीच उमेदवार गोळा करते.

मग जाहिरातीने ही ख्याती बदलता येईल का? झांबियाने २०१०मध्ये गावोगावच्या आरोग्य सहायकांचं नवं पद काढलं, तेव्हा ४८ जिल्ह्यांत हे तपासता आलं. काही जिल्ह्यांतल्या पोस्टरवर ‘आपल्या गावाची सेवा करा’ असा भर होता, बाकीच्यांत बढतीच्या संधींवर. पगार तोच, कामही तेच. प्रशिक्षणात पुढे सगळ्यांना सारखीच माहिती दिली, म्हणजे फरक पडलाच तर तो कोण आलं यामुळेच.

बढतीच्या पोस्टरने सेवावृत्ती कमी असलेले अर्जदारही आणले, हे खरं. पण ते मुख्यतः कमी कुवतीच्या गटात होते. हुशार अर्जदारांत कणव तेवढीच होती, आणि निवडही त्यांचीच झाली. सेवेच्या पोस्टरवरून आलेल्यांपेक्षा त्यांच्या घरभेटी २९ टक्के जास्त भरल्या. त्यांच्या भागात कमी वजनाच्या बालकांचं प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी उतरलं.

मेक्सिकोत २०११च्या भरतीत काही ठिकाणी महिना ३,७५० पेसो पगार जाहीर केला, काही ठिकाणी ५,०००. जास्त पगाराला जास्त कुवतीचे लोक आले, सेवेची ओढ मात्र घटली नाही.

तेव्हा जाहिरातीत पगार आणि बढतीचे टप्पे ठळक छापायला संकोच नको. फक्त गुणवत्तेची चाळणी बारीक हवी. ती सैल पडली, तर नुसत्या बढतीसाठी आलेले त्याच दारातून आत येतात.